खेळ सोडलेला नाकाता मोबाइलमध्ये कसा शिरला?

बारा-पंधरा सेकंदांची क्लिप असते. चित्र जरा धुरकट, जुन्या टीव्हीवरून उतरवलेलं. लाल जर्सी, पाठीवर ७ नंबर, केस रंगवलेले. चेंडू त्याच्याकडे निघालाय, पण हा पठ्ठ्या चेंडूकडे बघतच नाही. आधी डाव्या खांद्यावरून मागे बघतो, मग उजव्या. रस्ता ओलांडताना आई पोराला शिकवते ना, तसं. चेंडू पायाशी येईपर्यंत याचं सगळं ठरलेलं असतं. एक स्पर्श, एक गिरकी, आणि मागून धावत आलेला बचावपटू रिकाम्या जागेला धडक देतो. क्लिप संपते आणि लगेच पहिल्यापासून सुरू होते.

ही मला पाठवली माझ्या कोल्हापूरच्या भाच्याने. पेठेतल्या तालमीच्या संघासाठी शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडणारं पोरगं, जन्म २००९ चा. खाली विचारलं होतं, "मामा, हा सध्या कुठल्या क्लबकडून खेळतो?"

आता याला काय सांगायचं! जपानचा फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता, त्याने खेळ सोडला ३ जुलै २००६ रोजी. भाचा जन्मायच्या आधीच. तेव्हा आयफोन बाजारात आला नव्हता, तो आला २००७ च्या जूनमध्ये. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. इन्स्टाग्राम यायला अजून चार वर्षं होती. यूट्यूब होतं, पण दीड वर्षाचं. म्हणजे या माणसाने जे काही पळायचं ते पळून घेतलं, घरी गेला, आणि मग ही सगळी दुकानं उघडली. तरीही आज तो या दुकानांच्या काचेत उभा आहे. २०२६ च्या वर्ल्ड कपला यजमान देश वगळता सगळ्यात आधी पात्र ठरला तो जपान, २० मार्च २०२५ ला बहारीनला २-० हरवून. तेव्हापासून जपानी फुटबॉलबद्दलचं कुतूहल वाढलंय, आणि त्या कुतूहलाच्या मागोमाग हा जुना गडीही वर येतोय. हे होतं कसं, ते जरा उलगडून बघू.

आधी माणूस कोण ते

नाकाताचा जन्म १९७७ चा, यामानाशी प्रांतातल्या कोफू गावचा. जपानची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली १९९३ मध्ये. हा १९९५ मध्ये बेलमारे हिरात्सुका या क्लबकडे दाखल झाला. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये जपानने मायामीत ब्राझीलला १-० हरवलं. जपानी लोक त्याला आजही 'मायामीचा चमत्कार' म्हणतात. त्या संघात तो होता. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षं तो आशियातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९८ मध्ये जपान पहिल्यांदा वर्ल्ड कप खेळला, तिन्ही सामने हरला, आणि तरी नाकाताला इटलीतून बोलावणं आलं.

हे बोलावणं केवढं होतं ते आज कळणार नाही. नव्वदच्या दशकात इटलीची सेरी आ म्हणजे जगातली सगळ्यात श्रीमंत, सगळ्यात अवघड लीग. त्याच्या आधी तिथे जपानचाच काझुयोशी मिउरा जेनोआकडून एक मोसम खेळून आला होता आणि एकच गोल करून परतला होता. त्यामुळे पेरुजासारख्या छोट्या क्लबने जपानी पोरगा घेतल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ काढला: जर्सी विकायला आणलाय. १३ सप्टेंबर १९९८, पहिलाच सामना, समोर गतविजेता युव्हेंटस. पेरुजा ३-४ ने हरलं. पण त्या तीनातले दोन गोल नाकाताचे होते.

पुढे रोमा, पार्मा, बोलोन्या, फिओरेंटिना, आणि शेवटचा मोसम इंग्लंडात बोल्टनकडे. जपानसाठी ७७ सामने, ११ गोल, तीन वर्ल्ड कप. शेवटचा सामना २२ जून २००६, डॉर्टमुंड, ब्राझीलकडून १-४ हार. पंचांनी शिट्टी वाजवल्यावर तो मैदानाच्या मधोमध, त्या गोल रेषेत, उताणा पडून राहिला. बाकीचे आत गेले तरी उठला नाही. अकरा-बारा दिवसांनी सगळ्यांना कळलं की तो शेवटचा होता. वय २९.

यंत्र गुण बघत नाही, घड्याळ बघतं

आता मूळ प्रश्न. भाच्याला नाकाता दाखवला कुणी? कुणीच नाही. म्हणजे माणसाने नाही. अल्गोरिदमने. हा शब्द ऐकला की लोक बिचकतात, पण त्यात फार काही नाही. अल्गोरिदम म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांची यादी: असं झालं तर असं कर. आपण याला सरळ 'यंत्र' म्हणू.

गल्लीतला वाणी आठवा. तुम्ही पोहे मागितले की तो न विचारता म्हणतो, "शेंगदाणे देऊ?" त्याने तुमचा स्वभाव ओळखलेला नसतो. पोहे नेणारे शेंगदाणेही नेतात, एवढंच त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. यंत्राचं तेच. तुमच्यासारखं बघणाऱ्यांनी पुढे काय बघितलं, ते तुमच्यापुढे ठेवायचं. फरक एवढाच की वाण्याची गिऱ्हाइकं दोनशे, यंत्राची कोट्यवधी.

यातून कशा वाटा निघतात बघा. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर जाणारा एफसी गोवाचा चाहता घ्या. त्याच्या क्लबचा पहिला प्रशिक्षक कोण? झिको. ब्राझीलचा तो झिको, २०१४ ते २०१६ गोव्यात होता. आता या गोवेकराने हौसेने झिकोचे जुने व्हिडिओ बघितले, तर त्यात झिको जपानचा प्रशिक्षक होता तोही काळ येणार, २००२ ते २००६ चा. त्या संघाचं मधलं मैदान कोण सांभाळायचं? नाकाता. गोवा, झिको, जपान, नाकाता: तीन उड्यांत माणूस कोफूला पोचला. त्याने 'नाकाता' हे नाव टाइप करायचीही गरज पडली नाही.

पण यंत्राला एक व्हिडिओ दुसऱ्यापेक्षा 'चांगला' वाटतो कशावरून? इथे २०१२ साल महत्त्वाचं. तोवर यूट्यूबवर किती जणांनी व्हिडिओ उघडला याला फार वजन होतं. त्यामुळे लोक भडक चित्र लावून फसवायचे. तुम्ही उघडायचा आणि वैतागून बंद करायचा. २०१२ मध्ये यूट्यूबने वजन बदललं: किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ बघितला हे मोठं ठरलं. छोट्या रीलच्या जमान्यात हाच हिशेब आणखी धारदार झाला. पंधरा सेकंदांची क्लिप तुम्ही चार वेळा बघितलीत, तर यंत्राच्या वहीत पूर्ण मिनिट जमा. आणि नाकाताची ती मान वळवायची लकब अशी आहे की पहिल्यांदा बघताना काही कळतच नाही. दुसऱ्यांदा लक्षात येतं की त्याने चेंडू यायच्या आधी मागे बघितलं. तिसऱ्यांदा आपण मोजतो, किती वेळा बघितलं. यंत्राला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की माणूस इथे थांबला.

निवडलेले तांदूळ

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, चाहत्यांना आवडो न आवडो. सेरी आमध्ये नाकाता १८२ सामने खेळला आणि त्यात त्याने २४ गोल केले. त्यातले १० एकट्या पहिल्या मोसमातले. पार्माने त्याला प्रचंड रकमेला घेतलं, तिथे ६७ सामन्यांत ५ गोल. फिओरेंटिनाकडून २० सामने, गोल शून्य. बोल्टनकडून अख्ख्या मोसमात एक. तो मधल्या फळीतला खेळाडू, गोल करणं हे त्याचं पहिलं काम नव्हतं, हे मान्य. तरीही त्याचा आलेख उतरता होता, हे कुणी नाकारू नये. आधी एशियातला सगळ्यात मोठा, मग दुखापती, मग बाकावर बसणं, मग उसनवारीवर दुसऱ्या क्लबला धाडलं जाणं.

हे क्लिपमध्ये दिसतं का? नाही. दिसणारच नाही. क्लिप म्हणजे निवडलेले तांदूळ. कुणीतरी ताटात घेऊन खडे, साळी, कणी बाजूला सारलेली असते आणि तुमच्यापुढे फक्त मोत्यासारखे दाणे येतात. त्यावरून अख्खं पोतं कसं होतं याचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल. आजच्या खेळाडूचे खडे दर शनिवारी-रविवारी नव्याने पडतात. तो पेनल्टी चुकवतो, लोक शिव्या घालतात. निवृत्त खेळाडूचं पोतं शिवून झालेलं असतं. त्यात नवा खडा पडायची भीती नाही. म्हणून दर वर्षी तो आदल्या वर्षीपेक्षा थोडा जास्तच चांगला खेळाडू होत जातो. घरी बसून!

मग सगळेच जुने खेळाडू का गाजत नाहीत?

रास्त शंका. कुनिशिगे कामामोतो हे नाव तुम्ही ऐकलंय? १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने फुटबॉलचं कांस्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल, ७, या कामामोतोचे. जपानच्या राष्ट्रीय संघासाठी ७५ गोल. पुरुषांमध्ये तो आकडा आजवर कुणाला गाठता आलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. आकड्यांच्या तराजूत नाकाता त्याच्या जवळपासही नाही. पण भाच्याच्या मोबाइलवर कामामोतो येत नाही.

कारण दाण्यांचं आहे. कामामोतोचं चित्रण थोडं, लांबून घेतलेलं, त्यात माणूस ओळखायलाच वेळ लागतो. क्लिप बनवायला कच्चा माल लागतो. नाकाताच्या वाट्याला नेमका तो काळ आला जेव्हा इटलीतले सामने अनेक कॅमेऱ्यांनी टिपले जात होते आणि जगभर विकले जात होते. शिवाय त्याच्या एकट्यासाठी जपानी पत्रकारांचा आणि कॅमेऱ्यांचा तांडा पेरुजाला जाऊन बसला होता. सामना सोडा, सरावाला येताना त्याने कुठलं जाकीट घातलंय याचेही फोटो निघायचे. तेव्हा तो त्याला जाच वाटला. आज तेच फोटो नव्वदच्या दशकातल्या फॅशनवर लट्टू झालेली विशीतली पोरं एकमेकांना पाठवतात. यातल्या पुष्कळांना ऑफसाइड म्हणजे काय हे विचारलं तर सांगता येणार नाही. त्यांना जाकीट आवडलेलं असतं.

शिंजी ओकाझाकीचं उदाहरणही घ्या. लेस्टरने २०१६ मध्ये इंग्लंडची लीग जिंकून जगाला चाट पाडलं, त्या संघातला तो. जपानसाठी ५० गोल. पण त्याचं खरं काम होतं न थकता पळणं, समोरच्याला चेंडू घेऊन उभंच राहू न देणं. नव्वद मिनिटं बघितलीत तर जीव ओवाळून टाकाल. पंधरा सेकंदांत काय दाखवणार? एक माणूस पळतोय.

एका रविवारची तीस मिनिटं

ज्याची क्लिप टिकते त्याच्यामागे बहुधा एक गोष्ट असते, जी दोन ओळींत सांगता येते. नाकाताच्या बाबतीत ती ६ मे २००१ ची आहे.

तुरिनमध्ये युव्हेंटस विरुद्ध रोमा. रोमा गुणतक्त्यात पहिली, युव्हेंटस सहा गुणांनी मागे, लीग संपत आलेली. पहिल्या सहा मिनिटांत देल पिएरो आणि झिदानने दोन गोल ठोकले. युव्हेंटस २-०. रोमाच्या हातातून विजेतेपद निसटतंय असं चित्र. तासाभराच्या खेळानंतर प्रशिक्षक फाबिओ कापेलोने बदल केला. बाहेर कुणाला काढलं? फ्रान्चेस्को तोत्तीला. रोमचा लाडका, कर्णधार. आत कोण? नाकाता. मोसमभर बाकावर बसून कंटाळलेला.

७९ व्या मिनिटाला त्याने मधल्या मैदानात चेंडू हिसकावला, चार पावलं पुढे आला आणि बऱ्याच लांबून मारला. चेंडू वरच्या कोपऱ्यात. सामना संपता संपता त्याने पुन्हा लांबून मारला. गोलरक्षक व्हान डर सारच्या हातून चेंडू निसटला आणि रोमाच्या मोन्तेल्लाने तो आत ढकलला. २-२. त्या मोसमाच्या शेवटी रोमाचे गुण ७५, युव्हेंटसचे ७३. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक; गणित तुम्हीच करा.

यात आणखी एक फोडणी आहे. युरोपीय संघाबाहेरचे किती खेळाडू खेळवता येतील यावर तेव्हा बंधन होतं, आणि नाकाता त्यामुळेच अनेकदा बाहेर बसायचा. हे बंधन इटालियन फुटबॉल महासंघाने उठवलं ते नेमकं या सामन्याच्या तीन दिवस आधी. युव्हेंटसवाले ते आजही विसरलेले नाहीत. म्हणून ही क्लिप कुणी टाकली की खाली रोमावाले आणि युव्हेंटसवाले एकमेकांच्या झिंज्या उपटतात. यंत्राला भांडण आणि कौतुक यांतला फरक कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नसतो. खाली वर्दळ आहे ना, मग आणखी चार जणांना दाखव. अर्धं श्रेय नाकाताच्या उजव्या पायाचं आणि अर्धं युव्हेंटसच्या रागाचं, असं माझं मत आहे.

गप्प बसलेल्या माणसाचं वजन

लोकप्रियतेचा सारा दोष किंवा गुण यंत्रावर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण नाकाता स्वतः यात कच्चा नव्हता. वृत्तपत्रांशी त्याचं लवकर फाटलं. आपण बोललो एक आणि छापलं भलतंच, ही त्याची कायमची तक्रार. यावर बहुतेक खेळाडू चिडचिड करून गप्प बसतात. त्याने १९९८ मध्ये स्वतःची वेबसाइट काढली, नाकाता डॉट नेट. सामना कसा झाला, काय दुखतंय, काय खाल्लं, हे तो तिथे स्वतःच्या शब्दांत लिहायचा. पत्रकारांना बातमीसाठी ती वेबसाइट उघडून बसायची वेळ आली. आज प्रत्येक खेळाडू आपल्या खात्यावरून थेट चाहत्यांशी बोलतो, त्यात आपल्याला काही नवल वाटत नाही. १९९८ मध्ये हे करणारा फुटबॉलपटू विरळाच.

निवृत्तीही त्याने तिथेच जाहीर केली. पत्रकार परिषद नाही, कॅमेरे नाहीत, अश्रू नाहीत. एक लांबलचक पत्र. आयुष्य म्हणजे प्रवास आणि प्रवास म्हणजे आयुष्य, अशा अर्थाचं शीर्षक. आठ वर्षांचा असताना कडाक्याच्या थंडीत यामानाशीतल्या एका प्राथमिक शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यातून हा प्रवास सुरू झाला, असं त्याने लिहिलं होतं. पत्र ठेवलं आणि पाठीवर पिशवी टाकून जगभर भटकायला निघून गेला. २००९ पासून जपानचे ४७ प्रांत पालथे घातले: कुंभार, विणकर, शेतकरी, आणि साके गाळणारे. साके म्हणजे जपानची तांदळाची दारू. तिच्या प्रेमात इतका पडला की २०१५ मध्ये तिची कंपनीच काढली. प्रशिक्षक झाला नाही, टीव्हीवर बसून रोज कुणाला नावं ठेवली नाहीत.

याचा ऑनलाइन लोकप्रियतेशी काय संबंध? आहे. संवादशास्त्रात 'पॅरासोशल नातं' अशी एक कल्पना आहे, १९५६ पासूनची. सोप्या शब्दांत एकतर्फी ओळख: तुम्ही त्याला ओळखता, तो तुम्हाला नाही. रेडिओवरच्या निवेदिकेचा आवाज रोज ऐकून ती घरातलीच वाटायला लागते, तसं. समाजमाध्यमांवर सतत बोलणारा माणूस ही ओळख पक्की करतो, पण मोडूही शकतो. एक दिवस तो राजकारणावर किंवा क्रिप्टोवर काहीतरी बरळतो आणि निम्मे चाहते उठून जातात. जो फार बोलतच नाही त्याच्याबद्दल आपण आपल्याला हवं ते कल्पून घेतो. कुणाला नाकातात बंडखोर दिसतो, कुणाला संन्यासी, कुणाला उत्तम शिवलेल्या कोटातला देखणा माणूस. बिचारा येऊन कुणालाच खोटं पाडत नाही.

पण हे सगळं विकत घेतलेलं नसेल कशावरून?

हा प्रश्न हल्ली कुठल्याही गाजणाऱ्या गोष्टीबद्दल विचारावाच. पैसे मोजून 'बघणारे' विकत मिळतात, लाइक मिळतात, हे उघड गुपित आहे. ओळखायचं कसं, याच्या दोन साध्या खुणा. विकत घेतलेल्या गर्दीला बहुधा एक खातं, एक माल आणि एक दिवस असतो: अमक्या दिवशी अचानक उसळी, मग शांतता, आणि मधोमध काहीतरी विकायला ठेवलेलं. नाकाताचं चित्र तसं नाही. ते हजार ठिकाणी विखुरलेलं आहे: जुन्या जर्सी गोळा करणारे, रोमाचे चाहते, फॅशनवाले, साकेवाले, लहान मुलांना फुटबॉल शिकवणारे जे 'चेंडू यायच्या आधी मान वळवा' हे दाखवायला त्याचाच व्हिडिओ लावतात. इतक्या वेगवेगळ्या दिंड्यांना एकच कंत्राटदार नाचवू शकत नाही.

दुसरी शंका: आकडे खरे असले तरी त्यांना अर्थ काय? थोडा आहे, फार नाही. रीलवरचा एक 'व्ह्यू' म्हणजे कधीकधी बोट सरकवताना ओझरती पडलेली नजर. पेरुजाच्या स्टेडियममध्ये तिकीट काढून नव्वद मिनिटं बसलेला माणूस आणि ही नजर यांची बेरीज होत नाही. त्यामुळे 'कोटीभर लोकांनी पाहिला' आणि 'कोटीभर लोकांचा आवडता' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. भाचा पहिल्या वाक्यात मोडत होता. मी त्याला तुरिनच्या सामन्याचा दुसरा अर्धा भाग सबंध बघायला लावला, तेव्हा कुठे तो दुसऱ्याच्या उंबऱ्याशी आला. (मध्येच विचारतो कसा, "मामा, हे स्पीड वाढवून बघू का?")

आणि तिसरी, नवी. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने धुरकट चित्र लख्ख करता येतं आणि न घडलेली चालही घडवता येते. जुन्या खेळाडूंच्या बाबतीत हे जास्त सोपं, कारण पडताळायला मूळ सामना पाहिलेले लोक कमी उरलेत. क्लिपखाली सामना, तारीख, प्रतिस्पर्धी यांतलं काहीच नसेल, तर मी ती पुढे पाठवत नाही.

पावती कोण फाडतं?

एवढी लोकप्रियता आहे तर नाकाताला घरबसल्या पैसे मिळत असतील, असं भाच्याने गृहीत धरलं होतं. सामन्याच्या क्लिपांपुरतं बोलायचं तर साधारणपणे नाही. सामन्याच्या चित्रणाचा हक्क खेळाडूकडे नसतो. तो लीगकडे, क्लबकडे किंवा प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीकडे असतो, जसा करार असेल तसा.

मग कुणीही टाकलेल्या क्लिपा टिकतात कशा? यूट्यूबने २००७ मध्ये एक व्यवस्था आणली. हक्कदाराने आपल्या चित्रणाचा ठसा यंत्राकडे देऊन ठेवायचा. कुणी तेच चित्रण टाकलं की यंत्र ओळखतं आणि हक्कदाराला विचारतं, काय करू? जत्रेत आपल्या जागेवर कुणी न विचारता पाल टाकलं तर दोन पर्याय असतात: उठवून लावायचं, किंवा राहू देऊन पावती फाडायची. व्हिडिओ काढून टाकणं हे पहिलं. तो ठेवून त्यावरच्या जाहिरातीचे पैसे आपल्या खात्यात वळवणं हे दुसरं. अनेक हक्कदारांना दुसरं परवडतं. पाल टाकणाऱ्याने मेहनत केली, गर्दी त्याने जमवली, पावती मालकाची. ज्याच्या नावावर गर्दी जमली तो या व्यवहारात कुठेच नाही.

खेळाडूच्या हाती उरतो तो वेगळा हक्क: आपलं नाव आणि चेहरा वापरून दुसऱ्याने धंदा करू नये हा. आपल्याकडे याची चर्चा झाली ती २०२३ मध्ये, अनिल कपूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले तेव्हा. नाव, आवाज, चेहरा यांच्यासोबत त्यांच्या 'झकास'लाही न्यायालयाने संरक्षण दिलं. (झकास हा शब्द मुळात आपल्या गल्लीबोळातला. पण तुम्ही रोज म्हणता त्याला हरकत नाही, त्यांच्या चेहऱ्यासकट विकायला काढलात तर आहे.) जपानमध्ये या हक्काचा नेमका अर्थ तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका गायिकाद्वयीच्या खटल्यात लावला. त्याच्या बारा वर्षांहून जास्त आधी, आजची समाजमाध्यमं अस्तित्वातही नसताना, हीच लढाई लढायला जो तोक्योच्या न्यायालयात गेला होता तो नाकाता.

झालं असं की एका प्रकाशकाने त्याला न विचारता त्याच्या आयुष्यावर पुस्तक काढलं. लहानपणचे फोटो, घरच्या गोष्टी, सगळं. २९ फेब्रुवारी २००० ला निकाल लागला. तुमच्या नावाच्या आकर्षणाचा धंदा केला, हा त्याचा दावा न्यायालयाने मानला नाही. प्रसिद्ध माणसावर लिहायला त्याची परवानगी लागत नाही. खासगी आयुष्यात नाक खुपसलं हा दावा मात्र मानला. आणि आणखी एक बाब होती. माध्यमिक शाळेतून बाहेर पडताना मुलांचं एक स्मरणपुस्तक निघालं होतं, त्यात नाकाताने एक कविता लिहिली होती. प्रकाशकाने ती उचलून छापली होती आणि आम्ही फक्त उद्धृत केली असं सांगितलं होतं. न्यायालयाने ते फेटाळलं. कवितेवरचा हक्क लिहिणाऱ्याचा, भले तो तेव्हा शाळकरी पोरगा का असेना.

भाच्याला हे सगळं सांगून झाल्यावर तो थोडा वेळ हिशेब करत बसला. गोलाचं चित्रण लीगचं, फोटो फोटोग्राफरचा, जर्सीवरचं बोधचिन्ह क्लबचं, ७ नंबर दुसऱ्या कुणाला तरी देऊन झालेला. "म्हणजे मामा, त्याची स्वतःची फक्त ती कविताच?"

"आणि साकेची कंपनी," मी म्हणालो.